मसाजचा फायदा नेमका कुठे, किती, आणि हात कुठे लावू नये

हातोटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली १४ वर्षं दिवसातला निम्मा वेळ कुणाची ना कुणाची पाठ, मान नाहीतर पोटरी माझ्या हाताखाली असते. परवा एक बाई पहिल्यांदाच आल्या. टेबलावर पालथं पडायच्या आधी त्यांनी विचारलं, "याने शरीरातली सगळी विषारी द्रव्यं निघून जातील ना?" त्यांची मान तीन आठवडे आखडलेली होती. डावीकडे वळून बघता येत नव्हतं, रात्री कूस बदलली की जाग येत होती. त्या मानेसाठी मसाजने बरंच करता येण्यासारखं होतं, पण त्या आल्या होत्या मसाजने कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी. हे मी इतक्या वेळा बघितलंय की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

विषारी द्रव्यांचं आधी उरकते. रक्तातली नको असलेली द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंडं काढतात. पाठ चोळून त्या कामाचा वेग वाढत नाही. मसाजनंतर पाणी जरूर प्यावं, पण तहान लागली म्हणून.

आता हाताखाली काय होतं ते. मान आणि खांद्याच्या मधला जो मांसल भाग आहे, जिथे दमल्यावर आपला हात आपोआप जातो, तो सुरुवातीला दोरखंडासारखा लागतो. बोट टेकवलं की खांदा नकळत कानाकडे सरकतो. श्वास वरच्यावर चाललेला असतो. मी तिथे लगेच जोर लावत नाही. पसरट तळव्याने मानेपासून दंडापर्यंत सावकाश हात फिरवत राहते, चार-पाच मिनिटं फक्त तेवढंच. मग कधीतरी एक लांब श्वास येतो आणि खांदा टेबलावर टेकतो. तो टेकल्यावरच स्नायू अंगठा आत येऊ देतो. त्याआधी दाबलं तर तोही उलटा जोर लावतो.

या संथ हाताला कारण आहे. केस असलेल्या त्वचेत काही अतिशय बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हलक्या, कोमट स्पर्शाला ते सगळ्यात जास्त जागे होतात आणि मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागापर्यंत तो निरोप नेतात. दुखण्याचं गणित थोडं वेगळं. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दार असतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश आले की ते काही अंशी बंद होतं. कोपर आपटलं की आपण न शिकवता ते चोळायला लागतो, ते यामुळेच. त्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

म्हणजे मसाज मुख्यतः मज्जासंस्थेशी बोलतो. "स्नायूंभोवतीचं आतलं आवरण सैल केलं", "गाठ फोडली" असं आमच्या धंद्यात सर्रास म्हटलं जातं, मीही पूर्वी म्हणायचे. २००८ साली काही संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूचं जाड आवरण किंवा तळपायाचं आवरण जेमतेम १ टक्का दाबायलाही माणसाच्या ताकदीबाहेरचा जोर लागेल. ते वाचल्यापासून मी ते शब्द सोडले. हाताखाली जे सैल होतं ते खरंच सैल होतं, पण ते मज्जासंस्थेने ताण सोडल्यामुळे.

फायदा किती? जुनाट कंबरदुखीवर २०११ साली एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. ४०१ माणसं, काहींना आठवड्यातून एकदा असा १० आठवडे मसाज, काहींना फक्त नेहमीचे उपचार. १० आठवड्यांनी मसाजवाल्यांपैकी दर तिघांतल्या एकाने दुखणं खूप कमी झालं किंवा गेलं असं सांगितलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २५ जणांमागे एक होतं. फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसत होता, वर्षाने जवळजवळ ओसरला. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका गटाला नुसता आरामदायी मसाज होता आणि दुसऱ्याला नेमके स्नायू शोधून केलेला. दोघांच्या निकालात लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मसाज शरीर दुरुस्त करत नाही, तो दुखण्यापासून काही काळाची उसंत देतो. ती उसंत खरी असते आणि तिचं काय करायचं हे आपल्या हातात असतं. त्या बाईंची मान ४० मिनिटांनी खांद्यापर्यंत वळली. मी त्यांना तशाच बसवून मान वळवण्याचे दोन व्यायाम करून घेतले, कारण ते व्यायाम आल्या आल्या सांगितले असते तर झालेच नसते.

प्रश्न विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगते.

पारिजात

किती छान लिहिलंय ताई. खांदा कानाकडे सरकतो ते वाचताना माझा खांदा वरच होता, खाली घेतला. दिवसभर बसून काम आहे, मान कायम भरलेली. महिन्यातून एकदा अर्धा तास मसाज घेते. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. हे पुरेसं आहे का?

हातोटी

पारिजात, बरं वाटण्यासाठी पुरेसं आहे, जुनं मानदुखणं हलवायला कमी पडतं. २०१४ साली २२८ जणांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता: किती वेळ आणि किती वेळा. चार आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी ६० मिनिटं, हे सगळ्यात उपयोगी ठरलं. ३० मिनिटांच्या मसाजचा, मसाज न घेता नुसतं नंबर लावून बसलेल्यांच्या तुलनेत, म्हणावा असा फायदा दिसला नाही. गुडघ्याच्या झिजेवरही असाच अभ्यास झाला, १२५ जणांवर. तिथे आठवड्यातून एकदा ६० मिनिटं, आठ आठवडे, हे प्रमाण बरं निघालं.

आठवड्यातून दोन-तीनदा तासभर देणं सगळ्यांना परवडणारं नसतं हे मला कळतं. त्यामुळे मी असं सांगते की वर्षभर महिन्यातून एकदा घेण्यापेक्षा, मान धरलेली असताना तीन-चार आठवडे लागोपाठ घ्या आणि त्याच काळात व्यायाम सुरू करा. नंतर मसाज थांबला तरी व्यायाम चालू राहतो.

रानवारा

मी लांब पल्ल्याचा धावपटू आहे, हौशी. शर्यतीनंतर आमच्या गटातले सगळे पोटऱ्या आणि मांड्या रगडून घेतात. कारण एकच सांगतात, लॅक्टिक ॲसिड निघून जातं. मलाही दुसऱ्या दिवशी जिना उतरताना फरक जाणवतो. मग यात खरं किती?

हातोटी

रानवारा, फरक खरा, कारण चुकीचं.

लॅक्टिक ॲसिड दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतच नाही. पळणं संपल्यावर तासा-दीड तासात शरीर ते आपणहून वापरून टाकतं. शिवाय कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात २०१० साली मुठीचा जोरदार व्यायाम करवून लगेच मसाज दिला आणि मोजलं. हात दाबल्यामुळे त्या क्षणी रक्तप्रवाह अडखळत होता आणि लॅक्टिक ॲसिड निघायला उलट अडथळा येत होता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखतं ते स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि तिथे सुरू झालेल्या दाहामुळे. ते साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. यावर मसाज चालतो. मॅकमास्टर विद्यापीठातला २०१२ सालचा प्रयोग मला फार आवडतो. ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला, दुसरा पाय तसाच ठेवला, आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मसाज दिलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींच्या आतली ऊर्जाकेंद्रं नव्याने तयार करणारे संकेत जास्त होते. लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र दोन्ही पायांत फरक नव्हता. एकाच माणसाचा एक पाय दुसऱ्याशी ताडून बघितल्यामुळे "मनाचे खेळ" म्हणून ते झटकता येत नाही. माणसं ११ च होती, हे ध्यानात ठेवायचं.

एक गोष्ट नाराज करणारी आहे. २०२० साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात दुखणं थोडं कमी होतं, लवचीकता थोडी वाढते, पण वेग, ताकद, उडी यांत सुधारणा दिसली नाही. त्यामुळे शर्यतीच्या आधी जोरात रगडून घेऊ नका. नंतर घ्या, हलक्या हाताने.

कुतूहल

आवडला धागा, पण मला काही शंका आहेत. तुम्हीच म्हणता की आरामदायी मसाज आणि नेमका मसाज यांच्या निकालात फरक नाही. म्हणजे तंत्राला अर्थ राहिला नाही. मग कुणीतरी आपल्याकडे तासभर लक्ष दिलं, फोन बाजूला ठेवून शांत पडलो, अंधारलेल्या खोलीत बरं वाटलं, एवढंच यात नाही कशावरून? गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटा मसाज कसा देणार?

हातोटी

कुतूहल, हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो तुम्ही बरोबर धरलात.

खोटा मसाज देता येत नाही, हे मान्यच करावं लागतं. आपल्याला मसाज होतोय की नाही हे माणसाला कळतंच. याच कारणाने वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात कंबरदुखीवरच्या मसाजच्या पुराव्याची प्रत कमी दर्जाची म्हटली आहे, आणि फायदा अल्पकाळापुरता दिसतो असं म्हटलंय. दुसरीकडे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली नव्याने उठलेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी ज्या गोष्टी करून बघायला सांगितल्या, त्यात शेक आणि मसाज आहेत. पुरावा कच्चा आहे हे त्यांनीही सांगितलं, पण धोका कमी म्हणून आधी हे.

खोट्या मसाजच्या जवळ जाणारा एक प्रयत्न २००८ साली झाला. बळावलेल्या कर्करोगाचे ३८० रुग्ण होते. निम्म्यांना मसाज. निम्म्यांच्या अंगावर तितकाच वेळ नुसते हात ठेवले, दाब नाही, हालचाल नाही. म्हणजे लक्ष, शांतता, माणसाचा हात, सगळं सारखं. मसाज झाल्या झाल्या वेदना आणि मनःस्थिती या दोन्हींत मसाजचा गट पुढे होता. दोन-तीन आठवड्यांच्या हिशेबात मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. मी यावरून असं समजते की हाताच्या हालचालीचा स्वतःचा परिणाम आहे, तो तात्पुरता आहे, आणि नुसत्या माणसाच्या हातालाही काहीतरी गुण आहे. तुम्ही ज्याला "एवढंच" म्हणालात, ते मला लहान वाटत नाही.

तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मीच देते. मसाजने ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, धाडकन खाली येतं असं सगळीकडे छापलेलं असतं. २०११ साली तेच आकडे काटेकोरपणे पुन्हा मांडल्यावर तो परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पण चिंता आणि उदासीनता कमी होणं मात्र बऱ्याच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसतं, आणि एकदाच नव्हे तर काही आठवडे मसाज घेतल्यावर ते जास्त दिसतं. परिणाम आहे, त्याची वाट कॉर्टिसॉलची नाही.

दवबिंदू

नुसत्या हाताचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं.

अशा बाळांना पूर्वी शक्यतो हातच लावायचा नाही अशी पद्धत होती. १९८६ साली टिफनी फील्ड या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिर झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा १५-१५ मिनिटं, असा १० दिवस मसाज दिला. हात फिरवणं आणि हातापायांची हळूच उघडझाप, इतकंच. दूध दोन्ही गटांना तेवढंच होतं. मसाजच्या बाळांचं वजन दिवसाला ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सरासरी ६ दिवस आधी घरी गेली. बाळं ४० च होती, पण पुढे इतर ठिकाणीही वजनाचा फायदा दिसत गेला.

आता जे कागदावरून कळत नाही ते. आधी स्वतःचे हात गरम करून घ्यायचे. मग एक तळवा डोक्यावर, एक पावलांवर, आणि नुसतं थांबायचं. बाळ माझ्या तळव्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं. त्याचं कपाळ आक्रसलेलं असतं, बोटं पंख्यासारखी फाकलेली असतात. बोटांच्या टोकांनी हलकं कुरवाळलं तर दचकतं, गुदगुल्यांसारखं होत असावं. तळव्याचा मऊ पण ठाम दाब लागतो. बऱ्याच वेळाने बोटं एकेक करून मिटतात. मूठ झाली की मी पुढे जाते. बाळाचा रंग बदलला, उचकी लागली, तोंड फिरवलं की त्या क्षणी थांबायचं, पंधरा मिनिटं पुरी करायचा हट्ट नाही.

आयांना आम्ही हे शिकवतो. बाळ नळ्यांमध्ये असताना "मी काय करू" हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. त्यांना करायला काहीतरी मिळतं. पण बाळ स्थिर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच, हे कृपया कुणी विसरू नये.

पारिजात

दवबिंदू, मूठ मिटल्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

उंबरठा

मला दुसरी बाजू लिहायची आहे, कारण ती कुणी लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी लांबचा प्रवास करून आलो. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी जड वाटायला लागली. वाटलं गोळा आला असेल. मसाज घ्यायला गेलो. तिथल्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही. कधीपासून, सूज आहे का, कुठला आजार, काही नाही. पालथं झोपवलं आणि अंगठ्यांनी पोटरी रगडायला सुरुवात केली. कळ इतकी आली की मी उठून बसलो. त्याचं म्हणणं, "दुखतंय म्हणजे बरोबर जागा सापडली." मी कपडे घातले आणि निघालो. घरी येऊन दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले तर डावी पोटरी चांगलीच फुगलेली, गरम, तांबूस. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टर म्हणाले की ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं.

तो राग अजून गेलेला नाही. मसाज वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारायला काय लागतं?

हातोटी

उंबरठा, तुम्ही उठून बसलात हे फार चांगलं केलंत. तुमचा राग रास्त आहे, आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो ऐकायला हवा.

एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम, लालसर, दाबल्यावर दुखणारी, त्यातून नुकताच लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणं किंवा बाळंतपण झालेलं असेल तर त्या पायाला कुणीही हात लावू नये. थेट डॉक्टर. आणि सोबत धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर त्याच मिनिटाला इस्पितळ.

बाकीही आहेत. ताप असताना नाही. त्वचेला संसर्ग, उघडी जखम, ताजं भाजलेलं असेल तिथे नाही. नुकतंच हाड मोडलेलं असेल तर नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांना जोराचा दाब नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर अंग काळंनिळं होतं. मानेची पुढची बाजू, जिथे नाडी लागते, तिथे कधीच दाबायचं नाही. ती मेंदूकडे जाणारी धमनी आहे. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद जायला लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर मसाजची वेळ घेऊ नका, तातडीने दवाखाना गाठा.

मसाज देणाऱ्याने हे आपणहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा. सांगूनही त्याने लक्ष दिलं नाही तर उठून निघा.

वाटाड्या

"दुखतंय म्हणजे बरोबर जागा सापडली" हे मीही कायम ऐकत आलोय. आमचा समज असाच, की डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय मालीश लागत नाही. दुसऱ्या दिवशी अंगावर वळ असले की पैसे वसूल.

हातोटी

वाटाड्या, वळ म्हणजे त्वचेखाली रक्त साकळलेलं आहे. ती इजा आहे. फार जोराच्या मसाजने स्नायूंच्या पेशी फुटून त्याचा ताण मूत्रपिंडांवर आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. विरळा आहेत, पण आहेत.

मी सरळ आकड्यांत विचारते. शून्य म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होत नाही. ५-६ च्या वर मी जात नाही. "हवंहवंसं दुखणं" आणि "कधी संपतंय" यातली रेघ प्रत्येकाला स्वतःची माहीत असते. माणूस श्वास रोखून धरायला लागला, पायाची बोटं वळवायला लागला, की तोंडाने "चालेल" म्हणत असला तरी मी दाब कमी करते. शरीर धोका समजून आवळून घेत असेल तर आपण ज्यासाठी हात लावला तेच बिघडतं.

जाता जाता एक जुनी गोष्ट. लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थोपटणं अशी जी विभागणी स्वीडिश मसाज म्हणून शिकवली जाते, ती रूढ केली योहान मेट्झगर या १९ व्या शतकातल्या डच डॉक्टरांनी. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचं काम मुख्यतः व्यायामाचं होतं, त्यांच्या देशाचं नाव मसाजला चिकटलं. या चार प्रकारांतल्या एकालाही डोळ्यांतून पाणी काढावं लागत नाही.

सांजवेळ

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं. आईला स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया झाली, आता केमो चालू आहे. तिचे पाय ठणकतात, रात्री झोपत नाही. मी पाय दाबायला बसले तर एका नातेवाईकांनी हात धरला. म्हणाल्या, रगडल्याने गाठ अंगभर पसरते. तेव्हापासून मी तिला हात लावायलाही घाबरते. आई काही बोलत नाही. पण मी उशाशी येऊन बसले की पाय थोडे माझ्या बाजूला सरकवते.

हातोटी

सांजवेळ, आधी हे: मसाजने कर्करोग पसरतो याला पुरावा नाही. कर्करोग पसरण्याची कारणं पेशींच्या आत असतात. लसिका (पेशींभोवतीचा, बारीक वाहिन्यांतून वाहणारा द्रव) आणि रक्त तर आपण चालतो, श्वास घेतो तेव्हाही वाहतच असतं.

मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोगाच्या मोठ्या केंद्रात तीन वर्षांत १,२९० रुग्णांना मसाज दिला आणि आधी-नंतरच्या नोंदी ठेवल्या. वेदना, थकवा, मळमळ, चिंता, उदासी, सगळ्यांची तीव्रता जवळजवळ निम्म्याने खाली आली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून फार मोठं बोलू नये. पण कर्करोगाच्या माणसाला हात लावायचाच नाही हे त्या नोंदींसमोर टिकत नाही.

काळजी मात्र घ्यायची. आईच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. रक्तातल्या प्लेटलेट्स किती आहेत, हाडांत आजार गेलाय का, आणि पायात गुठळीची शंका आहे का, कारण या आजारात आणि केमोत ती शक्यता वाढते. त्यांनी हात लावायला परवानगी दिली तरी दाबायचं नाही, रगडायचं तर नाहीच. शस्त्रक्रियेच्या जागेला, किरणोपचार झालेल्या त्वचेला, औषधाची नळी बसवलेल्या जागेला हात लावायचा नाही. ज्या बाजूची काख उघडली होती त्या हाताला सूज येत असेल तर ते वेगळं शास्त्र आहे. एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात लसिका पुढे सरकवणारी ती पद्धत बसवली. त्यात त्वचा जेमतेम सरकेल इतकाच दाब असतो, कारण लसिकेच्या बारीक वाहिन्या अगदी वर असतात. ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

पायांसाठी तुम्ही पुऱ्या आहात. हात गरम करा, वास नसलेलं मलम किंवा तेल अगदी थोडं घ्या, केमोत वासाने मळमळतं. पाऊल दोन्ही तळव्यांत धरा आणि काही न करता थांबा. मग घोट्यापासून बोटांकडे, बोटांपासून घोट्याकडे, उन्हात मांजर पाठ ताणतं तितक्या सावकाश. एका पायाला पाच-सहा मिनिटं पुरतात. केमोने तळपायाला मुंग्या किंवा आग होत असेल तर आधी विचारा कुठे नको. ती नको म्हणाली तर पाऊल नुसतं धरून बसा. वर ३८० रुग्णांचं लिहिलंय ना, नुसते हात ठेवलेल्यांनाही बरं वाटलं होतं.

कुतूहल

सांजवेळ, आईंना लवकर आराम पडो.
हातोटी, तुमच्या उत्तराने माझी शंका पुरी फिटली नाही, पण प्रश्न बदलला. तुमचे दोन व्यायाम कोणते ते लिहाल का? मान माझीही धरलेली असते.

हातोटी

जरूर. पाठ टेकवून बसा. हनुवटी छातीकडे न झुकवता सरळ मागे न्या, जशी कुणी समोरून बोटाने ढकलतंय. पाच मोजा, सोडा, दहा वेळा. दुसरा: मान सहज जाईल तेवढीच एका बाजूला वळवा, तिथे तीन श्वास, परत मध्ये, मग दुसरी बाजू. ओढायचं नाही. गरम पाण्याने शेकल्यावर केलं तर सोपं जातं. हातात कळ उतरत असेल किंवा बोटं बधिर होत असतील तर हे करू नका, आधी दाखवून घ्या.

रानवारा

काल ३० किलोमीटर झाले. नंतर जोरात रगडून घेण्याऐवजी तुम्ही लिहिलंत तसं हलक्या हाताने १० मिनिटं प्रत्येक पायाला. आज जिना उतरलो, दुखतंय, पण कठडा धरावा लागला नाही.

सांजवेळ

डॉक्टरांना तिन्ही गोष्टी विचारल्या. प्लेटलेट्स ठीक आहेत, हाडांत काही नाही, पाय तपासून गुठळीची शंका नाही म्हणाले. हलक्या हाताने करा म्हणाले.

रात्री करून बघितलं. पाऊल हातात घेऊन थांबले तेव्हा ते गार होतं. डावा पाय झाला, उजवा घेतला. आई म्हणाली, "तुझे हात माझ्या आईसारखे आहेत." मग काही बोलली नाही. मी वर बघितलं तर झोपली होती. पाऊल तसंच हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले.